चारित्र्य कुणी कुणाचं तपासायचं?

१७८८ साली ब्रिटननं जहाजं भरून कैदी ऑस्ट्रेलियात उतरवले. त्यांना चारित्र्याचा दाखला कुणी मागितला नाही. आज त्याच देशाच्या स्थलांतर कायद्याचं कलम ५०१ परक्यांचं चारित्र्य तपासतं. डिसेंबर २०१४ पासून तर तुरुंगात असलेल्याला बारा महिने किंवा जास्त शिक्षा असली की व्हिसा रद्दच! कारण काय, तर समाजाची सुरक्षितता.

२०१८ मध्ये लव्ह आणि थॉम्स यांचे व्हिसा असेच गेले. एक पापुआ न्यू गिनीत जन्मलेला, दुसरा न्यूझीलंडात. पण दोघेही ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींचे वंशज, लहानपणापासून तिथंच वाढलेले. म्हणजे मूळ मालकालाच चालता हो! ११ फेब्रुवारी २०२० ला तिथल्या सर्वात वरच्या कोर्टानं म्हटलं, आदिवासी परका ठरत नाही. चार विरुद्ध तीन. एका मतावर निभावलं बघा.

दोघांनी मारहाण केली होती. मार खाणाऱ्याचं दुखणं मी झाकणार नाही. पण शिक्षा कोर्टानं दिलीच होती ना? मग ही दुसरी कशाची? आणि हाकललेला माणूस जिथं जाऊन पडतो, तिथं काय समाज राहत नाही? न्यूझीलंडात असे कितीतरी येऊन पडलेत, ना घर ना गोत. लोक त्यांना कलमाच्या आकड्यानंच ओळखतात : पाचशे एक.