दरवाजा उचलून बघा

पावसाळा सरता सरता बांद्याकडच्या गॅरेजांत एक तक्रार हमखास येते. ‘मिस्त्रीनु, दरवाजो लागना नाय.’ आपटला की लागतो, सावकाश ओढला की अर्ध्यावर अडकतो. आपला हात आधी जातो स्ट्रायकरकडे. दोन स्क्रू सैल केले, स्ट्रायकर जरासा खाली घेतला, दरवाजा लागला, गिऱ्हाईक खूश. पाच मिनिटांचं काम. या महिन्याचं संपादकीय त्या पाच मिनिटांविरुद्ध आहे.

दरवाजा लागत नाही लॉकपाशी, पण उतरलेला असतो बिजागरीपाशी. वरच्या आणि खालच्या बिजागरीत समजा ३५ सेंटिमीटर अंतर आहे आणि तिथून लॉक १०५ सेंटिमीटरवर. वरच्या पिनीत १ मिलिमीटर खेळ आला की लॉकचं टोक ३ मिलिमीटर खाली येतं. दरवाजाचं वजन वरची बिजागरी खांबापासून ओढतं आणि खालची खांबावर दाबतं. त्यामुळे भोक सगळीकडून सारखं झिजत नाही, एका अंगाने लांबट होतं. त्यातून ड्रायव्हरचा दरवाजा म्हणजे उतरताना धरायचा कठडा! घरातल्या थोरामोठ्यांना तो धरूनच उठावं लागतं, त्याला इलाज नाही.

आपल्या भागात भर आणखी आहे. खारट दमट हवा, जांभ्याची लाल धूळ, आणि तेरेखोलचं पाणी बाजारपेठेत शिरलं तर बिजागरीत बसणारा गाळ. तेल न मिळालेल्या पिनीवर हे सगळं मिळून पॉलिशपेपरचं काम करतं.

स्ट्रायकर खाली घेतल्याने लॉक बसतं, पण दरवाजा लोंबलेलाच राहतो. मागच्या वरच्या कोपऱ्यात बीडिंगचा दाब सुटतो, कोकणातला पाऊस तिथून आत येतो, मॅटखाली साचतो आणि दोन वर्षांनी फ्लोअरचा पत्रा कुजतो. मग तोच माणूस आपल्याकडे डेंटिंगला येतो. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. लॉकला दोन टप्पे असतात, आणि लोंबलेला दरवाजा पहिल्यावरच थांबला तरी लागल्यासारखा वाटतो. जुन्या ‘डुक्कर फियाट’चे पुढचे दरवाजे उलटे, मधल्या खांबावर टांगलेले असत, धावत्या गाडीत लॉक निसटलं तर वाराच दरवाजा उघडणार. आता दरवाजे सुलटे आहेत, तरी महामार्गावर पत्रादेवीच्या उताराला कुणाच्या नशिबाची परीक्षा कशाला?

तपासणीला हत्यार लागत नाही. दरवाजा अर्धा उघडा, लॉकच्या टोकाला धरून वर उचला आणि दुसऱ्याला बिजागरीवर बोट ठेवायला सांगा. पिनीत खट् लागलं तर पीन-बुश गेलं. पीन स्थिर आणि खांबाचा पत्राच हलत असेल, तर काम वेगळं आहे. तिथे गंज कापून पत्रा लावल्याशिवाय नवी पीन घालणं म्हणजे पैसे वाया.

पीन-बुशचं काम करताना घाई नको. दरवाजाखाली जॅक, जॅकवर फळी, फळीवर चिंधी. चेकस्ट्रॅप आणि दरवाजातली वायर आधी सोडवा. जमेल तिथे एका वेळी एकच बिजागरी काढा, म्हणजे दुसरी जागा राखते. दोन्ही काढायच्याच असतील तर पात्यांभोवती सुईने रेघ मारा. लांबट झालेलं भोक नुसत्या ड्रिलने मोठं करू नका, ड्रिल झिजलेल्या बाजूलाच पळतं. रीमर वापरा आणि लेथवाल्याकडून त्या मापाचा गनमेटलचा बुश करून घ्या. पीन एका पात्यात घट्ट बसली पाहिजे आणि दुसऱ्यातल्या बुशात फिरली पाहिजे. दोन्हीकडे फिरली तर दोन्ही भोकं खाईल. पिनीचं डोकं वर ठेवा, सैल झाली तरी गळून पडणार नाही. (आणि पेंटरबंधूंनो, बिजागरीवर रंग मारू नका. तेल जायची फट तुम्हीच बुजवता.)

‘एवढे पैसे कोण देणार?’ असं आपणच आधी ठरवून टाकतो. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या खासगी कारच्या फेरनोंदणीची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली. अशी वाढलेली फी भरून जो आपली मारुती ८०० किंवा पद्मिनी ठेवतो, तो दीड दिवसाच्या मजुरीला नाही म्हणेल असं का धरून चालायचं? पद्मिनीचं उत्पादन कधीच बंद झालं, तिची मुंबईतली काळी-पिवळी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. या गाड्यांची नवी बिजागरी शोधत फिरण्यापेक्षा आहे तिला बुश मारणं सोपं. झिजलेली पीन गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवा, खाच त्याला नखाला लागेल. मग बिलावर घासाघीस कमी होते.

काम झाल्यावर दरवाजा कदाचित लागणार नाही. घाबरू नका. स्ट्रायकरच्या वरच्या कडेला रंगात जुनी रेघ दिसेल. आधीच्या कुणीतरी तो तिथून खाली घेतलेला असतो. ते दोन स्क्रू आता सैल करा आणि त्याला परत वर न्या.