बर्बर कोण?

मंडळी, समोरचा बोलतोय आणि आपल्याला ओ की ठो कळत नाहीये, अशा वेळी आपण त्याच्या भाषेला काय म्हणतो? 'यंडुगुंडू'! प्राचीन ग्रीकांना अशी भाषा 'बर-बर' ऐकू यायची. त्यावरून त्यांनी विशेषण केलं, बार्बारोस. होमरच्या इलियडमध्ये कारियन लोकांना 'बर्बर बोलणारे' म्हटलंय. म्हणजे मूळ रोख भाषेवर होता. रानटी, क्रूर हे अर्थ नंतर चिकटले. संस्कृतातही परक्यांसाठी 'बर्बर' आहेच.

पुढे हा शब्द रोमन लोकांनी उचलला. गंमत बघा, ग्रीकमध्ये पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी रूप एकच, बार्बारोस. नपुंसकलिंगी तेवढं बार्बारोन. लॅटिनने मात्र त्याची तीन रूपं केली: बार्बारुस, बार्बारा, बार्बारुम. अगदी आपल्या चांगला, चांगली, चांगलं सारखं! आपणही फारसीतून आलेल्या 'ताजा'चं ताजी, ताजं केलंच की. ('खराब' मात्र अजून तसाच आहे.) उसना शब्द घरचा झाला हे ओळखायची माझ्या मते हीच खूण.

पण खरी मेख पुढेच आहे. ग्रीकांच्या हिशेबात रोमनसुद्धा बर्बरच! इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला प्लॉटस हा नाटककार ग्रीक नाटकं लॅटिनमध्ये आणत होता. 'त्रिनुम्मुस'च्या सुरुवातीला प्रेक्षकांना सांगितलं जातं की प्लॉटसने हे नाटक 'बर्बर' भाषेत केलंय, म्हणजे त्यांच्याच लॅटिनमध्ये! ही स्वतःवरची थट्टा मला फार आवडते. पुढे हातात सत्ता आली आणि रोमन लोक तोच शब्द गॉल आणि जर्मनांवर फेकू लागले. प्रत्यय स्वतःचे लावले, तुच्छता मात्र ग्रीकांची तशीच ठेवली.

असे शब्द बोलणाऱ्याबद्दल काहीच सांगत नाहीत हो, फक्त ऐकणाऱ्याच्या कानाबद्दल सांगतात.

आता थोडं घरच्यांसाठी. आपल्या एका सुनेची भाषा तेलुगू. तिच्या माहेरचा फोन आला की आपल्याकडे कुणीतरी 'यंडुगुंडू' म्हणतंच. सगळे हसतात, आणि ती फोन घेऊन निमूट आतल्या खोलीत जाते. तिच्या मुलाला दोन्ही भाषा छान येतात. त्याने नेमकं कुणाला हसायचं?