रानडुकरासाठी रायफल कोणती? भाऊ, रायफल नकोच

धान निसवायला लागला की इनबॉक्समध्ये एकच प्रश्न सुरू होतो : "भाऊ, डुकरासाठी कोणती रायफल बरी?" सोबत व्हिडिओची लिंक. अमेरिकेतला कुणी बाबा गाडीच्या बॉनेटवर दुर्बिणीची रायफल टेकवतो अन् तीनशे मीटरवरचा प्राणी टिपतो. पाहायला मजा येते. पण तिथं समोर मैलभर मोकळं माळरान आहे. आपल्या लाखांदूर-पवनीच्या बांध्यांत एका मचाणावरून दुसऱ्या मचाणावरच्या माणसाची बिडी दिसते. रायफलची गोळी चुकली तर किलोमीटरच्या पुढं जाते, आणि रात्री तिकडं कोण जागलीला बसलंय हे गोळीला कळत नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे. धानाच्या शेताला बारा बोअरची साधी नळीची बंदूक पुरते. एलजी छर्रा, अंतर फार तर तीस मीटर, आणि मचाणावरून खाली धरून मारायचं, म्हणजे चुकलेला छर्रा चिखलात जातो. बॅटरी धरायला दुसरा माणूस हवा. पोरं ऑनलाइन एअरगन मागवतात, तिनं डुक्कर मरत नाही, फक्त चिडतं. जखमी डुक्कर सकाळी धुऱ्यावर गवत कापणाऱ्या बाईच्या अंगावर येतं.

कायदासुद्धा याच बाजूचा आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम १३ पीक संरक्षणासाठी भरमार बंदुकीचा परवाना देण्याबद्दल बोलतं. भरमार पुरणार नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर साध्या नळीची दुसरी बंदूकही देता येते. त्या ओळीत रायफल कुठंच नाही.

पण परवाने दोन लागतात, लोक एकच समजतात. बंदुकीचा जिल्हाधिकारी देतात. डुक्कर किंवा रोही मारण्याची परवानगी वेगळी, ती वनखात्याची. २०१५ च्या शासन निर्णयानं ती वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडून मिळायची सोय झाली. मारलेलं डुक्कर खात्याच्या ताब्यात द्यायचं, गावात वाटे घालायचे नाहीत. (इथं बरेच जण गप्प होतात.)

आता खरं दुखणं. कागदावर वाट आहे, पायाखाली नाही. आजोबाच्या नावची भरमार ठाण्यात जमा, वारसाच्या नावावर व्हायला चपला झिजतात. निवडणूक लागली की ज्यांच्याकडं आहे त्यांच्याही बंदुका जमा. २०२४ ची विधानसभा आठवा : ऑक्टोबरच्या मध्यात आचारसंहिता, २० नोव्हेंबरला मतदान. नेमका भारी धान उभा असतानाचा, कडपा पडण्याचा काळ. आणि गंमत बघा, दारूगोळ्याची दारू बनवणारी फॅक्टरी आपल्याच जवाहरनगरला.

मग माणूस काय करतो? खांबावर आकडा टाकतो आणि बांधीभोवती जिवंत तार सोडतो. तिला ना परवाना लागतो, ना नेम. ती डुक्कर बघत नाही, माणूस बघत नाही. पहाटे पाणी पाहायला गेलेला शेजारी तिथंच पडतो आणि तार लावणारा सदोष मनुष्यवधात आत जातो. दोन घरं बसतात. आपल्या नागझिऱ्यातून उमरेड-कऱ्हांडल्याला गेलेल्या जय वाघाचा बछडा श्रीनिवास २०१७ मध्ये नागभीडकडं अशाच तारेनं गेला. वाघ मेला म्हणून बातमी तरी झाली.

वन्यजीवप्रेमी म्हणतील, बंदुका वाढवायच्या का? माझं म्हणणं, घरोघरी नकोतच. जंगलाला लागून असलेल्या गावांत, कोका-नागझिऱ्याच्या काठाला तर आधी, गावामागं दोन-तीन जाणत्या माणसांना परवाना द्या. पोलिसांनी त्यांना नेम शिकवावा, वनरक्षकाला त्यांचे नंबर माहीत असावेत, काडतुसांचा हिशेब ग्रामपंचायतीसमोर ठेवावा. आणि आचारसंहितेत या बंदुकांना सूट द्यायची की नाही, हे जिल्ह्याच्या छाननी समितीनं धान कापायच्या आधी ठरवावं, नंतर नाही.

ज्यांचे अर्ज अडकलेत त्यांनी तारीख आणि पोचपावतीचा फोटो मला इनबॉक्स करा. नाव छापणार नाही. गठ्ठा घेऊन पुढच्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात जातोय.