डॉलरवाला फंडा

"अगं, डॉलर लावायचा नाही म्हणाले!" माझी रूममेट इंटरव्ह्यूहून परतली तीच चिडून. चार वर्षं वेबसाइट्स बनवतेय बाई. समोरच्याने एक साधा मेनू उघड-बंद करून दाखवायला सांगितला. अट एकच, जेक्वेरी वापरायची नाही. आणि ही एकदम ब्लँक!

कोडिंगवाले नसाल तर एवढंच सांगते, वेबपेजवर काही सरकतं, उघडतं ते बहुतेक वेळा जावास्क्रिप्टमुळे. २००६ मध्ये जॉन रेसिगने जेक्वेरी आणली, तेव्हा हे काम म्हणजे डोक्याला शॉट होता. फायरफॉक्समध्ये चालणारा कोड इंटरनेट एक्सप्लोररमध्ये रुसून बसायचा. जेक्वेरीने ही सगळी भांडणं आपल्या पोटात घातली. डॉलरचं चिन्ह, कंसात हव्या त्या वस्तूचं नाव आणि पुढे हुकूम: लपव, दाखव, सरकव. दहा ओळींचं काम एका ओळीत! स्लायडर हवाय? प्लग-इन तयार. डिझायनर मंडळीही बिनधास्त कोड लिहू लागली. हा तिचा सॉलिड प्लस पॉइंट.

मग गोची कुठे झाली? एक तर ब्राउझर सुधारले. वस्तू शोधणं, सर्व्हरकडून माहिती आणणं आता ते स्वतःच सोपं करून देतात. इंटरनेट एक्सप्लोरर तर २०२२ मध्ये रिटायर झाला. मग एका बटणासाठी अख्खी लायब्ररी मोबाइलवर का उतरवायची? दुसरं म्हणजे, अ‍ॅप मोठं झालं की कुठली ओळ स्क्रीनवर काय बदलतेय, पत्ताच लागत नाही. तिथे रिअ‍ॅक्टसारखे पर्याय पुढे गेले. बूटस्ट्रॅपनेही २०२१ मध्ये पाचव्या आवृत्तीत तिची साथ सोडली.

म्हणून लगेच तिला भंगारात काढू नका. वर्डप्रेस आजही तिला सोबत घेऊन येतं आणि कितीतरी जुन्या साइट्स तिच्यावर मस्त चालतात. चालती गाडी उगाच कशाला खोलायची?

तिचा मोठा मायनस पॉइंट वेगळाच आहे. शॉर्टकट इतका गोड, की मूळ रस्ता शिकायचा राहूनच जातो. आयती एक्सेल शीट भरणारे आपण तरी काय वेगळे? फॉर्म्युला उडाला की गप्प!

रूममेटने त्याच रात्री लॅपटॉप उघडला. दीड तासाने किचनमधून ओरडली, "उघडला गं!" डॉलरशिवाय, पाच ओळींत. पुढचा इंटरव्ह्यू गुरुवारी आहे.