अपराध एकट्या विद्यार्थ्याचा नव्हे

दहावी-बारावीच्या परीक्षा आल्या, की परीक्षाकेंद्राभोवती दरवर्षी निराळीच जत्रा भरते. आत पर्यवेक्षक, बैठे पथक आणि भरारी पथक. बाहेर कुंपणापाशी चिठ्ठ्या घेऊन ताटकळणारे मित्र, बंधू आणि क्वचित वडीलही! शासन ‘कॉपीमुक्त अभियान’ राबविते आणि केंद्राजवळची झेरॉक्सची दुकाने बंद ठेवविते. हे उपाय आवश्यक आहेत, यात शंका नाही. परंतु मुले कॉपी का करतात आणि त्या कृत्याकडे कोणत्या दृष्टीने पाहतात, याचा विचार झाल्यावाचून रोगाचे मूळ सापडणार नाही.

ज्याने काही वर्षे हाती खडू धरला आहे, त्यास मुलांची उत्तरे पाठ असतात. ‘सगळेच करतात’, ‘यात कोणाचे काय गेले?’, ‘पुढे हे विचारतो कोण?’ शेजाऱ्याच्या खिशातील रुपयास जो मुलगा हात लावणार नाही, तोच चिठ्ठीतील उत्तर निःशंकपणे उतरवून काढतो. कारण त्यास ती चोरी वाटतच नाही. ही समजूत त्यास कोणी दिली?

ती आपण वडीलधाऱ्यांनी दिली, हे कटू असले तरी सत्य आहे. ३ मार्च २०२३ रोजी बारावीच्या गणिताच्या प्रश्नपत्रिकेची पाने बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा भागात परीक्षेपूर्वीच मोबाइलवरून फिरली. त्या प्रकरणात शिक्षकांना अटक झाली. त्याच विषयाच्या पेपरफुटीचा तपास करणारे मुंबईचे पोलीस आपल्याच जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयापर्यंत पोचले! शिवाय अभियांत्रिकीचा प्रवेश सीईटीवर आणि वैद्यकाचा ‘नीट’वर ठरू लागल्यापासून बारावीचे गुण पात्रतेपुरते पडले की भागते. पुष्कळ विद्यार्थी शिकतात खासगी क्लासमध्ये आणि महाविद्यालयाच्या पटावर केवळ नाव ठेवतात. ज्या परीक्षेस पालक आणि शाळा यांनीच उपचार मानले, तिचे पावित्र्य मुलांनी काय म्हणून मानावे?

यावरून कॉपी क्षम्य ठरते, असे मात्र कोणी समजू नये. ‘कोणाचे काय गेले?’ या प्रश्नास उत्तर आहे. ज्या मुलीने शेतातील काम आटोपून रात्री अभ्यास केला आणि स्वतःच्या बळावर साठ टक्के गुण मिळविले, तिचे गेले! तिच्यापाशी महागडा क्लास नाही, वशिला नाही. गुणपत्रिका हीच तिची एकमेव साक्ष. केंद्र बदनाम झाले, की तिच्या साक्षीवरही कोणी विश्वास ठेवीत नाही. कॉपी करणारा पुस्तकातील उत्तर चोरीत नाही. तो तिची पत चोरतो.

श्रीरामपुरास तरी हे सांगावे लागू नये. येथे १९६० पासून रयत शिक्षण संस्थेचे महाविद्यालय आहे. १९१९ साली ती संस्था स्थापणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग घालून दिला. फुकटचे घ्यावयाचे नाही, हे त्या शिक्षणाचे मर्म होते. न कमावलेला गुण हे फुकटचेच धन नव्हे काय?

महाराष्ट्रात परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध १९८२ पासून कायदा आहे. प्रवेश व भरतीच्या परीक्षांसाठी २०२४ साली केंद्राने केलेल्या कायद्यात तर रोख परीक्षार्थींवर नसून गैरप्रकार घडवून आणणाऱ्यांवर आहे. कायद्याने जे ओळखले, ते समाजानेही ओळखावे. शाळांनी शंभर टक्के निकालाचे फलक मिरविण्यापूर्वी तो निकाल कसा लागला, हे स्वतःस विचारावे. आठवी-नववीच्या घटक चाचण्याच चोख घ्याव्यात, म्हणजे दहावीत चिठ्ठीची गरज उरणार नाही. आणि पालकांनी कुंपणापासून दूर व्हावे. मुलगा नापास झाला, तर पुरवणी परीक्षा आहे. परंतु बापानेच हाती चिठ्ठी दिली, तर त्या धड्याची पुरवणी परीक्षा कोणतेही मंडळ घेत नाही.