पाळण्यावर कॅमेरा आहे, कुलूप कुठे आहे?

इंदूरला नोकरी आणि उज्जैनला घर, अशी तारेवरची कसरत करणारी जोडपी या भागात पुष्कळ आहेत. शिंद्यांच्या काळापासून इथे रुजलेली मराठी घरंही त्यात आली. दोन शहरांत पंचावन्न किलोमीटरच्या आसपास अंतर; बाळ दिवसभर आजी-आजोबांकडे किंवा सांभाळायला येणाऱ्या बाईंकडे. मग पाळण्याच्या वर वाय-फायचा कॅमेरा लागतो. फ्रीगंजच्या दुकानात किंवा ऑनलाइन तो दीड-दोन हजारांत मिळतो. क्यूआर कोड स्कॅन केला की इंदूरच्या ऑफिसात बसून मोबाइलवर बाळ दिसतं, त्याच्याशी बोलताही येतं.

या आईबापांना उगाच संशयी ठरवणं बरोबर नाही. याच मध्य प्रदेशात, जबलपूरला, जून २०२२ मध्ये नोकरदार आईवडिलांनी घरात कॅमेरा बसवला, म्हणूनच सांभाळणारी बाई दोन वर्षांच्या मुलाला मारते हे उघडकीला आलं. नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईतल्या खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला झालेली अमानुष मारहाणही सीसीटीव्हीमुळेच समोर आली. मात्र दोन्ही ठिकाणी कॅमेऱ्याने पुरावा दिला तो मार बसून गेल्यावर.

प्रश्न आहे तो हा, की त्या कॅमेऱ्यातून आणखी कोण बघतं?

फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या महिलांच्या तपासणीची दृश्यं यूट्यूब आणि टेलिग्रामवर आढळली. ती पैसे घेऊन विकली जात होती. गुजरात पोलिसांचा तपास थेट लातूर आणि सांगलीपर्यंत आला आणि तिथून अटका झाल्या. नंतर आलेल्या बातम्यांनुसार प्रसूतिगृहाच्या सीसीटीव्ही यंत्रणेचा पासवर्ड होता ‘अ‍ॅडमिन१२३’. घरफोडीला निदान पहार तरी लागते. इथे दार सताड उघडं होतं.

बाहेरच्या देशांत ही गोष्ट जुनी आहे. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनला दोन वर्षांच्या मुलीच्या खोलीतून परक्या पुरुषाच्या शिव्या ऐकू आल्या. तो कॅमेऱ्याच्या स्पीकरमधून बोलत होता. त्याच्या आदल्या वर्षी ट्रेंडनेट कंपनीच्या सुमारे ७०० कॅमेऱ्यांचं थेट प्रक्षेपण इंटरनेटवर उघडं पडलं. त्यात पाळण्यात झोपलेली बाळं दिसत होती. तिथे चूक कंपनीच्या सॉफ्टवेअरची होती, म्हणजे नुसता चांगला पासवर्डही पुरला नसता.

सरकारला हे उशिरा का होईना, उमगलं. एप्रिल २०२४ च्या अधिसूचनेने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेच्या चाचण्या सक्तीच्या झाल्या आणि ९ एप्रिल २०२५ पासून त्या लागू झाल्या. एसटीक्यूसी ही केंद्राची यंत्रणा त्यासाठी प्रमाणपत्र देते. ब्रिटनने तर एप्रिल २०२४ पासून सगळ्या नगांना एकच सोपा पासवर्ड देऊन उपकरणं विकायला बंदीच घातली. पण आपल्याकडे आधीच भिंतीवर चढलेले कॅमेरे या नियमाने सुरक्षित होत नाहीत. ते काम घरातल्यांचंच.

आणखी एका माणसाचा विचार या सगळ्यात कुणी करत नाही: सांभाळणाऱ्या बाईंचा. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातून घरगुती वापर वगळला आहे, त्यामुळे तो त्यांच्या मदतीला येत नाही. म्हणून कॅमेरा कुठे आहे आणि त्यात आवाजही टिपला जातो, हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगायला हवं. आजीलाही सांगायला हवं. सून ऑफिसातून आपल्याला बघते हे आजीला शेजारणीकडून कळलं, तर त्या घरात पुढे काय होतं ते वेगळं सांगायला नको.

करायच्या गोष्टी थोड्या आहेत. कॅमेऱ्याचा आणि राउटरचा, दोन्हींचे मूळ पासवर्ड बदला. बसवून देणाऱ्या मुलाकडे ते राहू देऊ नका. अ‍ॅपला ओटीपीची दुहेरी पडताळणी असेल तर सुरू करा आणि अपडेट आलं की टाळू नका. कपडे बदलण्याच्या, बाळाला पाजण्याच्या जागेकडे कॅमेरा वळवू नका आणि आईबाप घरी असताना तो सरळ बंद ठेवा. वायर पाळण्यापासून किमान तीन फूट लांब हवी. गळ्याभोवती वायर आवळून दोन बाळं दगावल्यावर अमेरिकेत २०११ मध्ये एका कंपनीला १७ लाख बेबी मॉनिटर परत बोलवावे लागले होते. आणि नवा कॅमेरा घेताना दुकानदाराला एसटीक्यूसी प्रमाणपत्राबद्दल विचारा. त्याला ते ठाऊक नसेल, तर दुसरं दुकान गाठा.