निष्कर्षाच्या आधी पद्धत वाचा

“संशोधनाने सिद्ध झाले आहे” हे वाक्य हल्ली वर्तमानपत्रात, मोबाईलवर आणि फवारणीच्या औषधांच्या जाहिरातीतही सर्रास दिसते. पांढुर्णा-सौंसरच्या आपल्या मुलांनी त्यावर नुसती मान न डोलवता मूळ शोधनिबंध वाचायला शिकावे, असे आम्हाला मनापासून वाटते.

विद्यार्थी मित्रांनो, हे काम वाटते तितके अवघड नाही. प्रयोगवहीत आपण उद्दिष्ट, साहित्य, कृती, निरीक्षण आणि अनुमान लिहितो. प्रत्यक्ष पाहणीवर किंवा प्रयोगावर आधारलेल्या शोधनिबंधाची मांडणीही जवळपास तशीच असते. आधी सारांश, मग प्रस्तावना, पद्धती, निष्पत्ती, चर्चा आणि शेवटी संदर्भ.

शेजारच्या विदर्भातलेच उदाहरण घेऊ. डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांचा गडचिरोलीच्या नवजात बाळांविषयीचा निबंध १९९९ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. घरीच काळजी घेऊन बाळांचे मृत्यू कमी करता येतील का, हा त्यातला प्रश्न. पद्धतीचा भाग सांगतो की, ३९ गावांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यदूत स्त्रिया घरोघरी जात. ४७ गावांत ही सेवा नव्हती. सेवा सुरू होण्याआधी दोन वर्षे दोन्हीकडच्या नोंदी घेतल्या होत्या. निष्पत्ती अशी की, तिसऱ्या वर्षी सेवेच्या गावांत नवजात मृत्यूचे प्रमाण हजारी २५.५ वर आले. तुलनेच्या गावांचा हिशेब धरता ही घट ६२ टक्के होती. या आकड्यांचा अर्थ काय, तो किती ताणता येईल, हे चर्चेत येते.

आमच्या मते या निबंधाचे खरे बळ त्या ४७ गावांत आहे. ती नसती, तर मृत्यू इतर कारणाने घटले नाहीत कशावरून, या शंकेला उत्तरच नव्हते. २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्या बाळंतिणीच्या घरी भेटी देतात, त्यामागे या कामाचा मोठा वाटा आहे.

आता आपल्या संत्र्याच्या बागेत या. अमुक औषधाने अंबिया बहाराची फळगळ थांबली, असे कोणी सांगितले तर विचारा: न फवारलेल्या झाडांची फळे मोजली का? किती झाडे? किती हंगाम? खर्च कोणी केला?

गुरुजनांना विनंती, प्रत्येक सत्रात एक तरी शोधनिबंध वर्गात वाचावा, आणि सुरुवात पद्धतीपासून करावी. घरात येणारे औषध आणि बागेत जाणारा पैसा, दोन्हींचा निर्णय पुढे याच मुलांना घ्यायचा आहे.